चुडा भरणारी मूठ

ईश्वरी साळुंखेच्या अंगठ्याखालचं हाड माझ्या हातून पिचलं आणि पिचलं तेव्हा मला काहीच कळलं नाही. आवाज आला नाही, तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. मी हिरवी बांगडी तिच्या मनगटावर सरकवली, पुढची उचलली आणि तीसुद्धा भरली.

नुसतं एवढंच ऐकलं तर कुणीही म्हणेल की म्हातारीला दिसत नसेल, नाहीतर तिच्या हातावरचं मशीन बिघडलं असेल. दोन्ही खोटं. माझी नजर चांगली आहे. आणि मशीन त्या दिवशी, त्याला जसं शिकवलं होतं तसंच चाललं होतं. म्हणूनच हे सगळं सांगायला बसले आहे.

मी विट्याच्या कासार गल्लीतली मालन मोहिरे. या घरात आले तेव्हापासून बायकांच्या हातात बांगड्या भरते आहे. बांगडी भरणं म्हणजे बांगडी ढकलणं नव्हे. समोरच्या बाईचा हात आपल्या डाव्या हातात घ्यायचा, बोटांच्या मुळांशी दाबून तो निमुळता करायचा, अंगठा तळव्यात मुडपायचा. हाडं एकमेकांना खेटून जागा देतात, त्या क्षणी उजव्या हाताने बांगडी फिरवत वर न्यायची. प्रत्येक हाताला एक हद्द असते. अलीकडे थांबलं तर बांगडी अडते, पलीकडे गेलं तर बाई कळवळते. ती हद्द डोळ्यांना दिसत नाही. समोरचा हात किंचित अंग चोरतो, ते आपल्या बोटांच्या पेरांना कळतं, आणि आपण थांबतो.

आणि आमच्याकडे लग्नाचा चुडा भरताना नवरीने बोलायचं नसतं. ‘आई गं’ नाही, ‘पुरे’ नाही, ‘नको’ तर नाहीच नाही. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणायचं आणि तेही कासारणीने म्हणायचं. नवरीचं तोंड बंद, म्हणून कासारणीची बोटं जागी. माझ्या सासूने मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच.

पुढे माझ्या बोटांना आमवाताने धरलं. सकाळी उठावं तर पेरं सुजून वांग्यासारखी झालेली. नळ फिरवता येईना, बरणीचं झाकण निघेना, पोळपाटावर लाटणं ठरेना. गिऱ्हाइकाचा हात धरला की समोरची बाई कळवळायच्या आधी मीच कळवळायची. आमचे मालक बाहेर ओट्यावर बसून बांगड्या रंगाप्रमाणे लावायचे, ते म्हणायचे, “बांगडी कोण भरतंय आणि रडतंय कोण, काही कळंना.” मी हसण्यावारी न्यायची. पण परकराची नाडी सुनेकडून बांधून घ्यायची वेळ आली, तेव्हा मात्र मी सांगलीला गेले.

सांगलीच्या हातांच्या उपचार केंद्रात मुबीना मणियार भेटली. मणियारांची पोर, म्हणजे बांगडीवाल्यांच्याच घरातली. तिची आजी खानापूरच्या बाजारात बांगड्या भरायची. माझी बोटं हातात घेऊन ती म्हणाली, “मावशी, अशीच बोटं बघत मी मोठी झाले.”

तिने मला मूठ दिली. आता घरोघरी मुठी झाल्यात, पण तेव्हा त्या नवीन होत्या. बोटांच्या टोकापासून कोपराच्या खालपर्यंत चढवायचा पातळ मोजा, रंग आपल्याच कातडीचा. त्याच्या आत केसासारखे धागे असतात. एरवी ते मऊ, पण जराशी वीज मिळाली की ताठ होतात आणि आखडतात, अगदी मांसाच्या दोऱ्यांसारखे. वीज कधी द्यायची हे मुठीला आपलाच हात सांगतो. मुबीनाने समजावलं ते असं: बोट हलवायचं मनात आलं की कोपराखालच्या स्नायूत आधी बारीकशी वीज फिरते, बोट नंतर हलतं. मूठ ती वीज वाचते आणि उरलेला जोर स्वतः लावते. आपण फक्त सुरुवात करायची.

“आणि दुखण्याचं काय?” मी विचारलं.

“कोपर आपटलं की आपण काय करतो?”

“चोळतो.”

“का?”

“बरं वाटतं म्हणून.”

“बरं वाटतं, कारण चोळण्याची जाणीव आणि दुखण्याची जाणीव एकाच रस्त्याने मेंदूकडे जातात. रस्त्यात चोळण्याची गर्दी झाली की दुखण्याला वाट मिळत नाही. मूठ मनगटापाशी तशीच गर्दी करते, बारीक विजेची. आम्ही त्याला पडदा म्हणतो. तुमचा हात दुखणार म्हणून स्नायू अंग चोरायला लागले की मुठीला ते आधीच कळतं. ती पडदा ओढते आणि भार स्वतःवर घेते.”

मी मूठ चढवली आणि तिच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं. परत लावलं. परत उघडलं. मुबीना म्हणाली, “मावशी, पाणी प्या तरी.”

त्या वर्षी गावात हसण्यासारख्या पुष्कळ गोष्टी झाल्या. तालमीतल्या आबा पैलवानांनी मूठ घातली आणि पहिल्याच दिवशी मोरीतल्या नळाची तोटी उपटून हातात घेतली. शेजारच्या इंदूवन्सं मला बघून म्हणायच्या, “मालन, कुणावर मूठ मारायला निघालीस?” हळूहळू मुठी शिकत गेल्या. पेरू किती दाबायचा, अंडं किती, झाकण किती, हे सगळं त्यांना कळायला लागलं. वस्तू अडली की जोर वाढवायचा, वस्तू दबायला लागली की कमी करायचा. माझीही शिकली. मी भाकरी थापायला लागले. नाडी माझी मी बांधायला लागले. आणि चटई अंथरून परत बांगड्या भरायला बसले.

सून सानिकाला ते फारसं आवडलं नव्हतं. ती दुकान बघते, माल मागवते, खोकी उचलते. दुकानात तिने खटक्याच्या बांगड्या आणल्या होत्या. खटका उघडायचा, मनगटावर ठेवायची, बंद करायची. “आत्या, आता कोण हात दाबून घेतंय?” असं ती म्हणायची. तिच्या स्वतःच्या हातातही त्याच. घरात कासारीण असून सुनेच्या हातात खटका! मी टोमणा मारायची, “बेड्या बऱ्या दिसतात गं तुला.” ती म्हणायची, “किल्ली माझ्याकडंच हाय ना, मग झालं.”

साळुंखे मूळचे आमच्याच गल्लीतले, पण धंद्याने कोइमतूरचे. सोनं-चांदी गाळायचा गलाईचा धंदा. पोरांची लग्नं मात्र विट्यातच करतात. ईश्वरी बापाच्या हाताखाली भट्टीवर काम करणारी पोर. जड चिमट्याने तापलेली मूस उचलून रस ओतायची. हात रुंद, हाडं भक्कम. तिची आई रंजना म्हणाली, “मालनकाकू, सव्वादोनचीच भरा. सैल चुडा दिसला की लोक नावं ठेवतात.” मलाही तेच हवं होतं. माप जेवढं लहान तेवढी कासारणीची शान. तेल-साबण न लावता सव्वादोनची बांगडी त्या हातात घालून दाखवायची, सगळ्या बायकांसमोर.

डावा हात छान भरला. उजव्या हाताला बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली. मी दाबलं. ती गेली.

बायका गाणी म्हणत होत्या. ईश्वरी खाली बघत होती. तिच्या ओठावर घाम होता, पण मांडवात उकडत होतं आणि घाम सगळ्यांनाच होता. चुडा भरून झाल्यावर ती रीतीप्रमाणे माझ्या पाया पडली. उजवा हात तिने जमिनीला टेकवला नाही. माझ्या लक्षात आलं नाही.

हळदीच्या वेळी तिला वाटी धरता येईना. अंगठ्याखाली हात फुगला होता आणि बांगड्या मांसात रुतल्या होत्या. डॉक्टरांनी एकेक बांगडी कापून काढली. लग्नाआधीच नवरीचा चुडा उतरला. दुसऱ्या दिवशी ईश्वरी बोहल्यावर उभी राहिली ती एका हातात हिरवा चुडा आणि दुसऱ्या हातात पांढरं प्लास्टर घेऊन.

मी तिच्याकडे गेले. रंजना मला बघताच आत निघून गेली. ईश्वरीला मी म्हटलं, “पोरी, दुखलं तेव्हा बोलली का न्हाईस?”

ती म्हणाली, “बोलायचं नसतं ना, आजी.” मग प्लास्टरकडे बघून म्हणाली, “तुम्हाला कळंल, असं वाटलं.”

मी घरी आले, मूठ उतरवून फडताळात ठेवली.

मुठीशिवाय जमतं का हेही मी बघितलं. मालकांना म्हटलं, हात पुढे करा. ते म्हणाले, “या वयात मला चुडा?” पण केला पुढे. मी दाबायला गेले आणि माझ्या पेरांतून अशी कळ निघाली की बांगडी सुटून फरशीवर पडली. “वाढली,” मालक हळूच म्हणाले. आम्ही दोघंही हसलो नाही.

सानिका स्वयंपाकघरातून बघत होती. बाहेर येऊन काचा गोळा करता करता म्हणाली, “आत्या, आता चटई गुंडाळा. गल्लीत चर्चा चाललीय. पुढच्या महिन्यातल्या दोन चुड्यांचे निरोप आलेत, दुसरीकडनं भरून घेतो म्हणून.”

“चटई मी मेल्यावर गुंडाळ.”

“मग असं करा. त्या मशीनचं न्हाई, त्या रीतीचं काय ते बघा. नवरीला बोलू द्या की! दुखलं तर सांगंल. त्यात कसली विद्या लागतीया?”

बोलणं खरं होतं, म्हणून मला राग आला. “बाईला दुखतंय का विचारलं तर ती काय म्हणते?” मी म्हटलं. “न्हाई म्हणते. चारचौघींत तर न्हाईच म्हणते. तोंड उघडून काय उपयोग, खरं निघालं तर ना!”

सानिका उठली. काचा सुपात भरून घेऊन गेली.

पण तिचं बोलणं डोक्यात राहिलं, आणि माझंही राहिलं. तोंड आणि बोटं, दोन्ही उघडी पाहिजेत. मी सांगलीची बस धरली. त्या बसला ड्रायव्हर नसतो, आणि वळणावर ती अशी जपून वळते की मला नेहमी वाटतं, हिला कुणीतरी सासुरवास केलाय.

मुबीनाने मूठ आपल्या यंत्राला जोडली आणि त्या दिवसाची रेघ त्याच्या काचेवर काढली. बराच वेळ बघत बसली. मग एका जागी बोट ठेवलं.

“इथे तिचा हात आखडला, मावशी. तिने अंग चोरलं. तुमच्या मुठीला वाटलं, झाकण घट्ट बसलंय. म्हणून मुठीने जोर वाढवला.”

“ईश्वरीचा हात म्हणजे झाकण?”

“मुठीला दुसरं काही माहीतच नाही. लाटणं, बरणी, पाना, चाकू. मूठ वस्तूंसाठी केलीय. वस्तूला दुखत नाही असं धरूनच आम्ही सगळं मांडलं.” तिने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “माझी आजी बांगड्या भरायची आणि हे माझ्यासुद्धा डोक्यात आलं नाही.”

“पण मला का नाही कळलं? आधी तर कळायचं.”

“आधी समोरचा हात आखडला की त्याचा दाब तुमच्या पेरांवर उलटा यायचा. तुम्हाला दुखायचं आणि त्या दुखण्यातून तुम्ही तिला ओळखायचात. मुठीने तुमचं दुखणं झाकलं, त्याबरोबर तिचंही झाकलं गेलं.”

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर हाताचं चित्र होतं, त्यात नसा पिवळ्या रंगवल्या होत्या.

“उपाय सांग,” मी म्हटलं.

तिने सांगितला. समोरच्या बाईच्या कोपराखाली एक पट्टी बांधायची. मुठीतले स्नायू वाचणारे टिपके असतात ना, तेच त्या पट्टीत. तिचे स्नायू अंग चोरू लागले की पट्टी माझ्या मुठीला कळवेल. मग मूठ जोर वाढवणार नाही, उलट सोडेल, आणि मला बोटांत जाणवेल. “हे करता येईल. मुठीच्या कंपनीला कळवावं लागेल, पण करता येईल. अडचण वेगळीच आहे.” ती माझ्याकडे बघेना. “तिचं तुम्हाला जाणवायचं तर पडदा उघडा ठेवावा लागेल. पडदा एकच आहे, मावशी. तिच्यासाठी उघडला की तुमचंही सगळं आत येणार. वर्षभर जे थोपवलं ते.”

“सगळं?”

“सगळं. जोर मूठच लावेल, बांगडी जाईल. पण दुखणं तुमचं तुम्हाला. त्यापेक्षा मी नुसतं मुठीला थांबायला शिकवते. तिचा हात आखडला की मूठ आपोआप थांबेल, तुम्हाला काही कळायची गरजच नाही.”

मी विचार केला. सोपं होतं ते. मूठ थांबली असती, मी बसले असते, मूठ सुरू झाली असती, मी बांगडी फिरवली असती. पण हद्द म्हणजे नुसती थांबायची जागा नव्हे. त्या जागेवर कुठे वळायचं, हाताला धीर कसा द्यायचा, केव्हा बांगडी मागे घेऊन मोठं माप उचलायचं, हे बोटांना कळल्याशिवाय कसं करणार? आणि खरं सांगायचं तर, मला ईश्वरीचं वाक्य विसरता येत नव्हतं. तुम्हाला कळंल, असं वाटलं.

“भाकरी थापताना पडदा बंद, चटईवर बसल्यावर उघडा. असं होईल?”

“होईल. पण उघडाल तेव्हा एकदम येईल.”

“येऊ दे,” मी म्हटलं.

पट्टी तयार झाली तेव्हा मुबीना ती घेऊन स्वतः विट्याला आली. आता हात कुणाचा? गल्लीतून कुणी येईना. इंदूवन्सं दारातूनच म्हणाल्या, “मला आजच नेमकं दळणाला जायचंय.” दळणाचा डबा त्यांच्या हातात नव्हता.

सानिकाने पदराला हात पुसले आणि चटईवर येऊन बसली. खटक्याच्या बांगड्या काढून बाजूला ठेवल्या. “चला, भरा,” ती म्हणाली. “मोडलं तर मोडलं. घरचंच हाय.”

लग्न होऊन आल्यापासून तिने मला कधी हात दिला नव्हता. मुबीनाने पट्टी बांधली. मी मूठ चढवली, पडदा उघडला. वर्षभराचं दुखणं दार उघडल्यासारखं आत आलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी दात आवळले, श्वास घेतला आणि सानिकाचा उजवा हात हातात घेतला. नुसता घेतला. अजून दाबला नव्हता.

मूठ मागे सरली.

“बिघडली,” मी म्हटलं.

मुबीनाने यंत्र बघितलं. तिने मान हलवली. “बिघडली नाही. तिथे आधीच दुखतंय.”

मी परत हात धरला, फुलासारखा. माझ्या हातात कळ आली. ती माझी नव्हती. माझी कळ पेरांत असते, ही अंगठ्याच्या मुळाशी होती आणि मनगटाकडे चढत होती. ही जुनी कळ होती. मुरलेली.

“सानिका, हे कधीपासून?”

“कुठं काय? न्हाई दुखत.”

“हात माझ्या हातात हाय, सानिका.”

ती हात काढून घेणार होती, पण मी सोडला नाही. तिचे डोळे भरले आणि ती एकदम भांडायच्या सुरात म्हणाली, “कधीपासून म्हणजे काय! तुमचे हात गेले तेव्हापासून. खोकी कोण उचलतंय? धुणं, कणीक, पोरांचं, दुकानाचं? तुम्हाला मूठ मिळाली तोवर माझा अंगठा गेला होता. सांगून काय करणार होते? तुम्ही म्हणला असता, आमच्या वेळेला...”

“म्हटलं असतं,” मी कबूल केलं. “हज्जारदा म्हटलं असतं.”

“म्हणून तर खटक्याच्या बांगड्या. दाबून घ्यायचं नाव काढलं की मी हात पदराखाली घ्यायची.” तिने नाक पुसलं. मग पट्टीकडे बघून म्हणाली, “काय गं मुबीना, माझं त्यांना कळतंय. त्यांचं मला का कळंना?”

“तसं केलेलं नाही. पट्टी एकाच बाजूने सांगते.”

“का? उघडं करायचं तर दोघींचं करा. एकीचं उघडं, एकीचं झाकलेलं, हे कसलं?”

मुबीना माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “सून म्हणती तसं कर.”

सानिकाच्या हातात त्या दिवशी बांगडी भरली नाही. तिच्या अंगठ्याचा इलाज मुबीनाने सांगलीला सुरू केला. दुसऱ्या दिवसापासून खोकी मी उचलायला लागले, मूठ घालून, पडदा बंद करून. मालक म्हणाले, “आता हमालीबी चालू?” मी त्यांच्या मांडीवर एक खोकं ठेवलं.

मुबीनाने पट्टीत एक गोल टिकली बसवली. माझं दुखणं वाढलं की ती टिकली समोरच्या बाईच्या कोपराखाली धडधडते, मांजरीच्या छातीसारखी. दुखत नाही, पण कळतं. मी ती सानिकाच्या सांगण्यावरून करून घेतली खरी, पण मनात म्हणत होते, गिऱ्हाइकाला कशाला कासारणीचं दुखणं? पैसे देऊन बांगडी घ्यायला येते ती.

पुढच्या काळात त्या पट्टीचं पुष्कळ झालं. तालमीत झाली, दवाखान्यात म्हाताऱ्यांना उचलणाऱ्या बायकांकडे झाली, पोरांच्या हाताला धरून ओढणाऱ्या आयांपर्यंत गेली. कुणी म्हणालं चांगलं झालं, कुणी म्हणालं जगणं अवघड झालं, आता कुणाचा हातही धरता येत नाही. त्यावर मोठमोठी माणसं भांडतात. मला त्यातलं सांगता येणार नाही. मला माझी चटई सांगता येते.

ईश्वरीचं प्लास्टर निघालं, भट्टीवरचा चिमटा परत तिच्या हातात आला, आणि ती विट्याच्या घरी आली. मी निरोप धाडला नव्हता. तीच आली. बरोबर रंजना होती, तोंड अजून फुगलेलं, आणि मागे चार बायका, बघायला आलेल्या. इंदूवन्संनी या वेळी दळणाचा डबा आठवणीने आणला होता, पण गिरणीकडे गेल्या नाहीत.

“उजवा हात राहिलाय,” ईश्वरी म्हणाली आणि बसली.

मी पट्टी बांधली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “एक सांगते. माझ्या चटईवर आजपासून नवरीनं बोलायचं. दुखलं की ‘थांबा’ म्हणायचं. अपशकुन झाला तर तो कासारणीच्या माथी.”

“मालन, अगं सासूनं शिकवलेली रीत!” इंदूवन्सं म्हणाल्या.

“सासूला मी वर जाऊन सांगीन.”

पडदा उघडला. ते आलं. मी ईश्वरीचा हात निमुळता केला. पहिली बांगडी गेली, दुसरी गेली. तिसरीला अंगठ्याच्या मुळाशी मला तिचा हात सापडला, जिथे हाड जुळलं होतं तिथे. दुखणं नव्हतं, भीती होती. भीतीनेही हात अंग चोरतो. मी सव्वादोनची बांगडी मागे घेतली आणि पलीकडच्या माळेतून मोठ्या मापाची उचलली. रंजनाने बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. सैल चुड्याला नावं ठेवायची तर ठेवा.

मोठ्या मापाची सहज गेली. पुढची गेली. त्याच्या पुढची उचलताना माझ्या पेरांत आग पेटली होती, मानेवरून घाम उतरत होता, पण बांगडी घट्ट धरली होती. ती फिरवायला सुरुवात केली.

“थांबा,” ईश्वरी म्हणाली.

गल्लीतल्या बायकांनी श्वास धरला. लग्नाच्या चुड्याला नवरी बोलली होती. मी तिथल्या तिथे थांबले आणि बोटांनी तिचा हात चाचपला. तिच्या हातात काही नव्हतं. ना कळ, ना भीती. हात माझ्या हातात मोकळा पडला होता.

“कुठं दुखलं, पोरी?”

“मला न्हाई, आजी.” तिने डाव्या हाताने आपल्या कोपराखालची टिकली दाबून धरली. “तुम्हाला.”

आजवर या चटईवर बसलेल्या एकाही बाईने माझं दुखणं विचारलं नव्हतं. सानिका आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. मी पाणी प्यायले. रंजनाने, कुणी न सांगता, पदराने माझ्या मानेवरचा घाम पुसला.

कुणी घाई केली नाही. आग जराशी उतरली, तेव्हा ईश्वरीने स्वतः हात निमुळता केला आणि माझ्यापुढे धरला.

“आता?” ती म्हणाली.

“आता,” मी म्हटलं, आणि बांगडी उचलली.